हत्यारबंदीचा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके शस्त्र घेऊन सह्याद्रीत शिरले

निवडणुकीची आचारसंहिता लागली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत एक वेगळीच वर्दळ सुरू होते. वाडीवाडीतले शेतकरी हातात लांबट बोचकं घेऊन येतात. बोचक्यात असते बंदूक. रानडुकरं भात उधळतात, माकडं नारळ-काजूची वाट लावतात, म्हणून शेती संरक्षणासाठी दिलेली ही परवान्याची बंदूक. ती जमा करायची, पावती घ्यायची आणि निकाल लागला की परत आणायची. कोकणात यात कुणाला काही नवल वाटत नाही.

आता दुसरं चित्र बघा. पावसाळा सरला की चिपळूण-खेडकडून ट्रेकर्स सह्याद्री चढायला लागतात. चोरवण्यातून नागेश्वर, पुढे वासोटा. कुणी माथ्यावर तंबू टाकायचा बेत करतं. मग ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. जंगलात बिबट्या आहे, गवा आहे, अस्वल आहे, तर सोबत काहीतरी हत्यार ठेवायचं का?

शेतकऱ्याच्या पावतीचा आणि ट्रेकरच्या प्रश्नाचा धागा एकाच कायद्यापाशी जातो. तो कायदा आला १८७८ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी कोकणात जन्मलेला एक कारकून नोकरी सोडून, हत्यारं गोळा करून, सह्याद्रीच्या रानात शिरला. त्याचं नाव वासुदेव बळवंत फडके.

फडकेंचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात आद्य क्रांतिकारक म्हणून वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्यांचे रानातले ते पाच महिने नीट पाहिले, तर हत्याराने माणसाला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे फार स्पष्ट दिसतं.

किल्लेदाराचा नातू, सरकारी कारकून

४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण गावात फडकेंचा जन्म झाला. पनवेलजवळचं हे गाव आज रायगड जिल्ह्यात येतं. गावातून कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. आजोबा अनंतराव याच कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घराण्याची किल्लेदारीही संपली. म्हणजे हत्यार बाळगणं हा ज्या घराचा पिढीजात पेशा होता, त्या घरात हा मुलगा वाढला. पण त्याच्या वाट्याला आलं ते टेबल, दौत आणि टाक.

थोडंफार इंग्रजी शिकून त्यांनी मुंबईत रेल्वेत नोकरी धरली. एक-दोन नोकऱ्या बदलल्या आणि शेवटी लष्कराच्या हिशेब खात्यात ते कारकून झाले. बदली पुण्याला झाली आणि सदाशिव पेठेत नरसिंहाच्या देवळाजवळ बिऱ्हाड थाटलं. पगार बरा होता, नोकरी कायमची होती. त्या काळच्या हिशेबाने आयुष्य मार्गी लागलं होतं.

मग आई आजारी पडली. चरित्रकार सांगतात की रजेच्या भानगडीत वेळ गेला आणि वासुदेव घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धासाठीही रजा मिळाली नाही. साहेबाच्या एका सहीसाठी आईचं शेवटचं दर्शन हुकलं, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

त्याच सुमारास पुण्यात न्यायमूर्ती रानडे देशाच्या आर्थिक लुटीवर व्याख्यानं देत होते. हिशेब खात्यातल्या कारकुनाला आकड्यांची भाषा लगेच कळली. फडकेंनी स्वदेशीचं व्रत घेतलं. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी शिक्षणाचं काम उभं केलं. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी त्यातूनच आली.

तालीम आणि टेकड्या

ऑफिस सुटलं की फडकेंचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. पुण्यात तेव्हा लहुजी वस्ताद साळवे यांचं नाव मोठं होतं. १७९४ साली जन्मलेले लहुजी सगळ्या जातींच्या पोरांना कुस्ती, दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी शिकवत. महात्मा फुलेही त्यांच्याच तालमीत घडले. फडकेही या वस्तादांकडे शस्त्रविद्या शिकले.

पहिली पत्नी सईबाई वारल्यावर त्यांचं दुसरं लग्न गोपिकाबाईंशी झालं. फडकेंनी बायकोला लिहा-वाचायला शिकवलं आणि सोबत घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायलाही शिकवलं, असं चरित्रकार नोंदवतात. १८७० च्या दशकातल्या सदाशिव पेठेत हे म्हणजे भलतंच होतं. बाईमाणसाला स्वतःचं रक्षण स्वतः करता आलं पाहिजे, हा विचार तेव्हा फारसा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

इथपर्यंत फडकेंनी काही बेकायदा केलं नव्हतं. मग आला दुष्काळ.

१८७६ चा दुष्काळ आणि १८७८ चा कायदा

दख्खनची स्थिती आधीच वाईट होती. मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद जाळले होते. त्यानंतर १८७६ ते ७८ असा दुष्काळ पडला. फडके गावोगाव फिरले. ओस पडलेली गावं, मेलेली जनावरं आणि खडी फोडायच्या कामावर खपणारी माणसं त्यांनी स्वतः पाहिली. एवढं होऊन सरकारचा वसुलीचा हट्ट काही सुटत नव्हता.

आणि याच काळात, १८७८ साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं. दुसरा होता आर्म्स ॲक्ट, म्हणजे हत्यारबंदीचा कायदा.

१८५७ नंतर लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात झालीच होती. नव्या कायद्याने ते सगळ्या देशासाठी पक्कं केलं. परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायचं नाही. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि हत्यार लपवून ठेवलं तर सात वर्षांपर्यंत. खरी मेख पुढे होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना यातून सूट होती. म्हणजे गोऱ्या साहेबाने शिकारीला बंदूक नेली तर तो शौक आणि गावकऱ्याने वाघाच्या भीतीने रानात नेली तर तो गुन्हा. कूर्गच्या लोकांना मात्र इंग्रजांशी असलेल्या निष्ठेपायी बंदुकीची सवलत मिळाली होती. ती परंपरा आजही चालू आहे.

जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी हा अपमान तर होताच, शिवाय जिवाचाही प्रश्न होता. वाघ-बिबट्या गुरं उचलून न्यायचे, दरोडेखोर वाटेत गाठायचे. पुढे काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच हा कायदा सैल करा अशी मागणी केली. गांधीजींनीही १९१८ मध्ये या कायद्यावर कडक टीका केली. पण १८७८ मध्ये काँग्रेसच नव्हती. अर्ज-विनंत्या करून काही होईल यावर फडकेंचा विश्वास उरला नव्हता.

रान ज्यांना ठाऊक होतं ती माणसं

फडके आधी शिकलेल्या लोकांकडे गेले. व्याख्यानाला टाळ्या देणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे आले. मग ते रामोशी समाजाकडे वळले.

यामागे कारण होतं. रामोशी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडांची आणि गावांची राखण करणारे लोक. हत्यार हे त्यांच्या कामाचं साधन होतं. इंग्रजांची पोलीस व्यवस्था आली आणि राखणदारीचं काम आणि त्यावरचं वतन दोन्ही आटलं. वर दुष्काळ. पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांनी इंग्रजांशी दिलेल्या लढ्याची आठवणही ताजी होती. १८३२ मध्ये त्यांना फाशी झाली होती. डोंगरातली कुठली वाट कुठे निघते, पाणी कुठे मिळतं, रात्री कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, हे सगळं या माणसांना पाठ होतं.

दौलतराव नाईक हे त्यांचे म्होरके. कोळी, धनगर आणि इतरही काही जण येऊन मिळाले. फडकेंचा बेत मोठा होता. आधी पैसा उभा करायचा, मग लहान लहान टोळ्या चारी बाजूंना पाठवायच्या, टपाल आणि तारा तोडायच्या, रेल्वे अडवायची, तुरुंग फोडायचे. सरकार एका जागी नीट बघूच शकणार नाही असा गोंधळ उडवायचा आणि मग देश उठेल, अशी त्यांची आशा होती.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला. नंतर आणखी गावं लुटली गेली. निशाण्यावर मुख्यतः सावकार होते.

रानातली रात्र

ऐकायला हे सगळं सिनेमासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय होत होतं, हे खुद्द फडकेंनीच लिहून ठेवलंय. त्यांनी दैनंदिनी ठेवली होती आणि आत्मचरित्रही लिहिलं होतं. त्यात स्वतःच्या फजितीची कबुली आहे, म्हणून ते वाचताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

हत्यारं हाताशी होती. पण हत्याराने भाकरी मिळत नव्हती. टोळी मोठी झाली की एका रात्रीच्या जेवणाचाही घोर पडायचा. एका जागी दोन दिवस थांबलं की पोलिसांना खबर जायची. म्हणून रोज नवी वाट, नवा मुक्काम. लूट मनासारखी मिळत नव्हती आणि जी मिळाली तिची वाटणी झाली की बरीच माणसं घरी निघून जायची. त्यांना दोष देणंही सोपं नाही. त्यांच्या घरी चुली पेटत नव्हत्या. देश म्हणजे काय यापेक्षा उद्या पोरांना काय घालायचं, हा त्यांचा प्रश्न होता. फडकेंना राज्य पाहिजे होतं, सोबत्यांना धान्य. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि बेत तिथेच फसत गेला.

एप्रिल १८७९ मध्ये फडके खचून श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देवापुढे जीव द्यायचा विचारही त्यांच्या मनात आला. आत्मचरित्र लिहिलं ते याच मुक्कामात. मग पुन्हा उभारी धरून निजामाच्या मुलखातल्या रोहिल्यांची फौज जमवायच्या खटपटीला ते लागले.

इकडे मे महिन्यात दौलतराव नाईक कोकणात उतरले. पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली इथे त्यांनी मोठी लूट मिळवली. आतापर्यंतची सगळ्यात मोठी. पण तेवढं ओझं घेऊन घाट चढताना वेग मंदावतो. मेजर डॅनियल पाठलागावर होताच. त्याच्या तुकडीने गाठलं आणि चकमकीत दौलतराव मारले गेले. फडके तेव्हा त्यांच्यासोबत नव्हते. रान ओळखणारा त्यांचा सगळ्यात भरवशाचा माणूस गेला.

त्याच महिन्यात फडकेंच्या नावाचा जाहीरनामा फिरला. सरकारने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नरच्याच डोक्यावर बक्षीस लावलं. पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या, तेव्हाही संशय थेट फडकेंकडे गेला. सरकार इतकं बिथरलं की न्यायमूर्ती रानडेंची बदली धुळ्याला झाली. एका माणसाने रानात राहून शहरातल्या सत्तेची झोप उडवली होती, हे मात्र खरं.

हत्यार उशाला होतं, पण डोळा लागला

जुलै १८७९. फडके कर्नाटकात, आताच्या विजापूर भागात होते. मागे मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसातला अब्दुल हक. अनेक दिवसांची धावपळ, पाऊस, पोटात अन्न नाही, अंगात ताप. देवर नावदगी नावाच्या गावाजवळ एका देवळात फडके टेकले. सोबतीला जागता पहारा देईल असं कुणी उरलं नव्हतं. त्यांना झोप लागली.

डॅनियल तिथेच पोचला. झोपलेल्या फडकेंना त्याने दाबून धरलं आणि तलवार काढून घेतली. ज्या माणसाने वर्षानुवर्षं पट्टा फिरवला होता, त्याला एकही वार करायची संधी मिळाली नाही. जाग आल्यावर त्यांनी एकट्याने लढायचं आव्हान दिलं होतं, असं सांगतात. अर्थात ते कुणी स्वीकारणार नव्हतंच.

वीस वर्षांपूर्वी, एप्रिल १८५९ मध्ये, तात्या टोपेही असेच पाडोणच्या जंगलात झोपेत पकडले गेले होते. विश्वासातल्या मानसिंगानेच त्यांचा ठावठिकाणा दिला होता. दोघांकडेही हत्यार होतं, दोघांनाही ते चालवता येत होतं. पण हत्यार चालवायला माणूस जागा लागतो, आणि माणूस कायमचा जागा राहू शकत नाही.

फडकेंना पुण्यात आणलं. संगमाजवळ खटला चालला. त्यांच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे सरकारच्या डोळ्यावर यायचं. तरी महादेव चिमणाजी आपटे यांनी वकीलपत्र घेतलं आणि सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी त्यांच्या मदतीला होते. पण सगळ्यात मोठा पुरावा फडकेंच्या स्वतःच्या हातचा होता. त्यांची दैनंदिनी आणि आत्मचरित्र सरकारच्या हाती लागलं होतं. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

अंदमानला न पाठवता त्यांना एडनला नेलं. रानात ज्याला पकडायला महिने लागले, त्याला ठेवायला समुद्रापलीकडचं वाळवंट निवडलं. ऑक्टोबर १८८० मध्ये त्यांनी कोठडीचं दार बिजागरीतून उचकटलं आणि ते पळाले. ना हत्यार, ना सोबती, ना ओळखीची वाट. काही तासांतच पुन्हा धरले गेले. त्यानंतर शरीर खंगत गेलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, एडनच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.

फडकेंवर खटला चालू होता त्या वर्षी रत्नागिरीत जन्मलेला एक तेवीस वर्षांचा तरुण वकिलीची परीक्षा पास होत होता. बाळ गंगाधर टिळक. १८८० च्या सुरुवातीला एकीकडे फडके एडनला गेले आणि दुसरीकडे टिळक आणि त्यांच्या मित्रांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली. आधी माणसं जागी करायची, मग पुढचं बघायचं, असा हा दुसरा रस्ता होता.

मग आज जंगलात हत्यार न्यायचं का?

१८७८ चा कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला आणि त्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण परवाना राहिला. कोकणातल्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक मिळते ती याच कायद्यात शेती संरक्षणाची वेगळी तरतूद आहे म्हणून. कोयता आणि विळा ही शेतीची अवजारं धरली जातात, म्हणून रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला कोयता दिसला तर कुणी हटकत नाही.

ट्रेकरचं गणित वेगळं आहे. रत्नागिरीच्या पूर्व कडेला लागूनच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे. जीव वाचवताना एखादं जनावर मारलं गेलं तर कायदा माफी देतो. पण तुम्ही आधीच कायदा मोडून आत शिरला असाल तर ती माफी मिळत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. मात्र हा हक्क म्हणजे हत्यार बाळगायचा परवाना नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

मग सोबत काय घ्यायचं? वनखात्याची परवानगी, गावातला वाटाड्या, काठी, चांगली बॅटरी आणि रात्री आळीपाळीने जागणारे चार मित्र. फडकेंकडे तलवार होती. त्या रात्री देवर नावदगीच्या देवळात त्यांच्याकडे नव्हता तो जागा राहणारा सोबती.

मुंबईत मेट्रो सिनेमाच्या चौकाला फडकेंचं नाव आहे. १९८४ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. शिरढोणला त्यांचं स्मारक आहे. मुंबई-गोवा हायवेने रत्नागिरीला जाताना कर्नाळ्याच्या अलीकडेच हे गाव लागतं. पुढच्या वेळी तंबू घेऊन कोकणात उतरलात तर पाच मिनिटं तिथे थांबायला हरकत नाही.